चिमुकले हात आणि घरातले काम

आपल्या निवासी शाळेत राहून गेलेल्या प्रत्येकाला पहाटेची ती घंटा आठवत असेल. अंथरुणाची घडी, तोंड धुणे आणि वंदनेआधी विहारासमोरचे अंगण झाडणे. ज्याची पाळी असेल त्याने खराटा घ्यायचा. मग तो पाचवीतला असो वा दहावीतला, वर्गात पहिला येणारा असो वा शेवटच्या बाकावरचा. आम्ही प्रथम येथे आलो तेव्हा आमच्यापैकी कित्येकांना खराटा नीट धरताही येत नव्हता. अंगणभर धूळ उडवून आम्ही कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत असू. स्वतःचे ताट विसळणे, सदऱ्याची घडी घालणे, सांडलेले पाणी पुसणे या साध्या गोष्टी शिकायला आम्हांला पहिले सत्र पुरले नाही. पाढे पाठ झाले, पण चादरीच्या चारही कडा जुळायला दिवाळी उजाडली.

आज आमच्यापैकी बहुतेक जण आईबाप झालो आहोत. घरात दोन-तीन वर्षांची मुले आहेत. स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा शाळेच्या आठवणींपेक्षा एक प्रश्न आमच्या मनात अधिक वेळ रेंगाळला. जे आम्ही दहाव्या वर्षी अवघडलेल्या हातांनी शिकलो, ते दुसऱ्या वर्षी हसतखेळत शिकता आले नसते का? आमचे मत असे की आले असते. आणि आपल्या मुलांना ते तसेच शिकवले पाहिजे. दीड ते चार वर्षांच्या मुलाला घरातल्या कामात खेळगडी म्हणून सामील करून घेणे हे त्याचे पहिले शिक्षण आहे. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत की बालवाडीचे शुल्क लागत नाही.

हे मत आपल्या समाजात मांडताना मात्र थोडे थांबावे लागते. कारण आपल्या घरांत त्याला विरोध होतो, आणि तो विरोध आदराने ऐकून घेण्याजोगा आहे. ‘आमचा नातू झाडू धरणार नाही, त्याच्या हातात पुस्तकच शोभेल,’ असे म्हणणारी आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. तिच्या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. गावची येसकरकी, सांगावे पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, वाड्यापुढची झाडलोट, लाकडे फोडणे, आणि या साऱ्याच्या बदल्यात ओंजळभर बलुते वा शिळे तुकडे. या कामांना नकार देण्याची सोय नव्हती. महार वतनाच्या या जोखडातून आपली माणसे सुटावीत म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. आजही कुठे कुठे वर्ग झाडण्यासाठी नेमक्या आपल्याच मुलाचे नाव पुकारले जाते, हेही आपण जाणतो. अशा आजीला ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयावर प्रवचन देणे हा उद्धटपणा होईल.

परंतु आजीचा राग कशावर आहे, हे नीट पाहिले पाहिजे. तो झाडूवर नाही. तो झाडू जन्मावरून हातात देणाऱ्या व्यवस्थेवर आहे. जातीने केवळ कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून उतरंडीत बसवली, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या प्रबंधात स्पष्ट केले आहे. काम जन्मावरून ठरते, त्याला मोल मिळत नाही आणि नाही म्हणता येत नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की वेठ होते. आपल्या घरातला केर आपण काढणे, आपले ताट आपण धुणे यात यांपैकी एकही गोष्ट नाही. उलट आपला केर दुसऱ्याने काढावा, असे मानणे हाच त्या जुन्या व्यवस्थेचा उरलेला अंश आहे. ज्या मुलाला आपण झाडूपासून कटाक्षाने दूर ठेवतो, तो मोठेपणी झाडणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहील, याचाही विचार आपणच केला पाहिजे.

धम्माच्या परंपरेत याचे उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे. भिक्खुसंघात शाक्य कुळातले राजपुत्र होते, न्हावी असलेला उपाली होता, रस्ते झाडून पोट भरणारा सुनीत होता. विहार झाडणे, आसने मांडणे, पाणी भरून ठेवणे ही कर्तव्ये विनयाने साऱ्यांना सारखीच लावून दिली. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते; तेव्हा स्वतः भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदांच्या साहाय्याने त्याला स्वच्छ केले, हा प्रसंग महावग्गात आहे. संघात काम राहिले, पण कामाची जात गेली. आपल्या शाळेतील पाळीचा तक्ता हा त्याच परंपरेतला आहे. त्या तक्त्यावर अधिकाऱ्याचा मुलगा आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा यांची नावे एकाखाली एक असत.

घरातली साधी वस्तू शिकवण्याचे साधन कशी होते, याचाही धडा तेथेच मिळतो. मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात राहुलाने भगवंतांसाठी आसन मांडले आहे, पाय धुण्यासाठी पाणी ठेवले आहे. पाय धुऊन झाल्यावर भांड्याच्या तळाशी थोडे पाणी उरते. ते पाणी दाखवून, मग ओतून, मग भांडे पालथे करून भगवंत लहानग्या राहुलाला खोटे बोलण्याचे परिणाम समजावतात. चुल्लपन्थकाची कथा तर आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ न झाल्याने ज्याला मठ्ठ ठरवले गेले, त्याला भगवंतांनी एक स्वच्छ वस्त्राचा तुकडा हाताने चोळत बसायला सांगितले. वस्त्र मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. पाठांतराने जे झाले नाही, ते हाताने झाले. शिकण्याची वाट हातांतून जाते, हे आजच्या शिक्षणशास्त्राचे म्हणणे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

आधुनिक बालशिक्षणाचा आरंभही अशाच ठिकाणी झाला. ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जी मुले जिन्यांत आणि अंगणांत एकटी राहत, ती ही मुले. त्या बालगृहात झाडणे, पुसणे, हात धुणे, बुतामे लावणे, जेवणाची मांडणी करणे यांना अभ्यासाचे स्थान मिळाले. याच माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धाच्या काळात येथेच राहून त्यांनी असंख्य शिक्षकांना प्रशिक्षण दिले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत हे शिक्षण नेले, तेव्हा परदेशी साधनांऐवजी बिया, पाने, खडे, माती ही भोवतालची साधने वापरली. म्हणजे बालशिक्षण ही पैसेवाल्यांची चैन नव्हे. तिचा जन्मच वस्तीत आणि पाड्यावर झालेला आहे.

लहान मुलाला काम करायला लावावे लागत नाही, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. ती केर काढू लागली की ते झाडूला लोंबकळते. ती कणीक मळू लागली की परातीत हात घालते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी जर्मनीतील लाइपझिग येथे केलेला अभ्यास २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात पोहोचेना, तर अठरा महिन्यांची मुलेही कोणी न सांगता ती उचलून देतात, असे त्यात आढळले. मदतीची ही ऊर्मी मुलात असतेच. आपण काय करतो? ‘मध्ये मध्ये लुडबुड करू नकोस’ म्हणून त्याला बाजूला सारतो आणि हातात मोबाईल देतो. दहा वर्षांनी तेच मूल हाक मारूनही जागचे हलत नाही, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांसमोर दिवसात एका तासाहून अधिक काळ पडदा असू नये आणि त्याहून लहान मुलांसमोर तो शक्यतो असूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. त्या मोबाईलला उत्तम पर्याय आपल्या स्वयंपाकघरात पडलेला आहे.

तो कसा, हे थोडे तपशिलाने सांगतो. जेवणाची वेळ झाली की दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात ताटल्या द्याव्यात आणि एकेका माणसासमोर एकेक मांडायला सांगावे. आजीला एक, बाबांना एक, ताईला एक. कोणाला कमी पडली, कोणती उरली, हे त्याला डोळ्यांनी दिसते. एकास एक जोडी लावणे हा मोजणीचा पाया आहे. तो पक्का नसेल तर शंभरपर्यंतचे आकडे नुसते म्हणून उपयोग नाही. डब्यांचा ढीग आणि झाकणांचा ढीग समोर ठेवावा. कोणते कोणाला बसते हे शोधताना लहान-मोठे समजते. बाजारातून आलेल्या पिशवीतले कांदे एका टोपलीत आणि बटाटे दुसरीत टाकणे हे वर्गीकरण आहे. हातरुमालाची घडी घालताना चौकोनाचा अर्धा आणि अर्ध्याचा पाव होतो. अपूर्णांक हा शब्द कानी पडण्यापूर्वी त्याची बोटे अपूर्णांक शिकतात. एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतताना भरले, रिकामे, कमी, जास्त हे कळते. सांडले तर रागवू नये; फडका द्यावा. ओला फडका पिळताना मनगटात जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरताना कामी येते.

झाडण्याचाही खेळ होतो. खडूने फरशीवर एक गोल काढावा आणि मुठीत मावेल अशी लहान केरसुणी देऊन सारा कचरा त्या गोलात आणायला सांगावे. मोठ्यांच्या खराट्याने मुलाला काही जमत नाही. पण साधन त्याच्या मापाचे असेल तर ते तासभरही रमते. मेथीची पाने खुडणे, कणकेचा छोटा गोळा लाटणे, ज्वारीच्या पिठाची टिचभर भाकरी थापणे, कुंडीला लोटीभर पाणी घालणे, वाळलेले मोजे जोडीने लावणे, अशी यादी प्रत्येक घर आपापली करू शकेल.

यात भाषेचा लाभ तर आमच्या मते सर्वांत मोठा आहे. चाळणे, पाखडणे, निवडणे, वेचणे, विसळणे, पिळणे, झटकणे, मळणे, लाटणे, थापणे. मराठीतल्या या क्रियापदांचे अर्थ चित्रांच्या पुस्तकातून कळत नाहीत, ते करूनच कळतात. सूप, रोवळी, परडी, उखळ हे शब्द शहरातल्या घरांतून वस्तूंबरोबरच निघून चालले आहेत. काम करता करता आई किंवा आजी आपल्या बोलीत मुलाशी बोलत राहिली, तर पहिलीच्या वर्गात बसण्यापूर्वी त्याच्याजवळ शब्दांची मोठी पुंजी जमते. ज्या घरात पुस्तके थोडी आहेत तेथेही ही पुंजी देता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या काळाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. त्या पायाची पहिली वीट घरातच बसवता येते.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळली पाहिजेत. शेंगदाणे, हरभरे, वाटाणे असे टणक दाणे लहान मुलाच्या हाती देऊ नयेत. ते नाकात वा घशात अडकतात. पाण्याने भरलेली बादली आणि मूल यांना क्षणभरही एकटे सोडू नये. विळी, शेगडी, गरम भांडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर यांच्या जवळपास हा खेळ नको. कंटाळले की मुलाला खुशाल उठून जाऊ द्यावे. ज्या क्षणी ‘पूर्ण केल्याशिवाय उठायचे नाही’ असा हुकूम सुटतो, त्या क्षणी खेळ संपतो आणि वेठ सुरू होते. आणि वेठ काय असते हे आपल्याला इतरांनी सांगायला नको. काम ही शिक्षाही कधी होऊ नये. ‘खोडी काढलीस, आता केर काढ’ असे म्हटले की आपण स्वतःच मुलाला शिकवतो की केर काढणे हे हलक्या माणसाचे काम आहे.

बक्षिसाचेही तसेच. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांच्याच २००८ मधील अभ्यासात, मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेली वीस महिन्यांची मुले पुढे मदतीला कमी धावली, असे दिसून आले. दर खेपेला चॉकलेट देऊन आपण मुलाच्या मनातल्या मैत्रीचा व्यवहार करून टाकतो. ‘तू ताटल्या मांडल्यास म्हणून आपण सगळे लवकर जेवायला बसलो’ एवढे वाक्य पुरेसे असते.

आता एक कटू गोष्ट आपल्याच घराविषयी. आजी नातवाला झाडू धरू देत नाही. पण नातीच्या हातात मात्र सातव्या वर्षीच भांड्यांचा ढीग येतो. मुलगा अभ्यास करतो म्हणून घरात आवाज करायचा नाही, आणि मुलीने अभ्यास करायचा तो सारे आवरून झाल्यावर. जातीचे जोखड मानेवरून उतरवलेल्या घरात हे दुसरे जोखड कसे टिकून राहिले? २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांना शिक्षण द्या, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका असे सांगितले. आणि त्याच भाषणात पत्नीने पतीची मैत्रीण आणि बरोबरीची सोबती म्हणून उभे राहावे, असाही आग्रह धरला. तेव्हा आम्ही मांडतो तो खेळ मुलगा आणि मुलगी दोघांसाठी आहे. तसा नसेल तर तो नसलेलाच बरा. मूल पाहून शिकते. बाबा सोफ्यावर बसून ‘आईला मदत कर’ म्हणत असतील, तर मूल मदत शिकणार नाही, सोफ्यावर बसणे शिकेल. मुलाच्या हाती छोटी केरसुणी देण्याआधी बापाच्या हाती मोठी असली पाहिजे. या शाळेत पाळी करून गेलेल्या आम्हां पुरुषांना तरी हे जड जाऊ नये. आणि जात असेल, तर शाळेत शिकलेले आपण कोठे सांडले ते तपासावे.

‘हे सारे वेळ असणाऱ्यांसाठी आहे,’ असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. मुलाला सोबत घेतले की दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. जी माता सकाळी चार घरची धुणीभांडी करून येते किंवा सूर्य उगवण्यापूर्वी शेताला जाते, तिला आपल्या घरचे काम लांबवून करा असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. तिला आमचे एवढेच म्हणणे आहे की सारे नको, एकच धरावे. दिवसातले एकच काम, ताटल्या मांडण्याचे म्हणा वा कपड्यांच्या घडीचे, मुलाचे म्हणून ठरवावे. बाकीचा भार घरातल्या इतर मोठ्यांनी उचलावा. अंगणवाडीताईंनी आणि विहारातील रविवारच्या बालसंस्कार वर्गांनीही हे काम हाती घ्यावे. वंदना आणि गाथांबरोबर आसनांच्या घड्या घालणे, पेले मांडणे, फुलांच्या देठांची जुळवाजुळव करणे हाही संस्कारच आहे.

आपल्या शाळेकडे आमची एक विनंती आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याला आता आम्ही मुलाबाळांसह येतो, आणि भाषणे चालू असताना ती मुले मांडवाबाहेर रडत असतात. पुढील मेळाव्यात त्यांच्यासाठी एक खोली असावी. त्यात कांदे-बटाट्यांची टोपली, डबे आणि झाकणे, रुमालांची चवड, पाण्याचे दोन पेले आणि मुठीएवढ्या चार-सहा केरसुण्या ठेवाव्यात. देखरेखीची पाळी आम्ही माजी विद्यार्थी करू, आणि त्या पाळीच्या तक्त्यावर पहिली नावे बापांची असतील. आजीलाही त्या खोलीत आणून बसवू. नातू आणि नात दोघेही शेजारी शेजारी बसून खडूच्या एकाच गोलात केर ओढताना तिने पाहावे, आणि तिला आवडले नाही तर तिने ते आम्हांला सांगावे. तिचा शब्द आम्ही ऐकून घेऊ. पण आम्हांला वाटते, तिच्या हातात कधी काळी जो झाडू बळजबरीने दिला गेला होता, तो हा नव्हे, हे तिला आमच्याआधी कळेल.